अर्धं पाऊल पुढे

आमची पहिली भेट झाली ती धडकेतून. धडक माझी, चूक माझी, आणि आरडाओरडाही माझाच.

त्या दिवशी आम्हाला उशीर झाला होता. बाबांच्या डोळ्यांतला दाब मोजायची तारीख होती. डोळ्यांचा विभाग म्हणजे मुख्य दारातून आत, केसपेपरची खिडकी मागे टाकून डावीकडचा कॉरिडॉर, मग उतार, मग पुन्हा कॉरिडॉर. ज्यांना नीट दिसत नाही त्यांचाच विभाग हॉस्पिटलच्या पार टोकाला नेऊन ठेवायची अक्कल कोणाची होती देव जाणे! मी बाबांचा दंड घट्ट धरून त्यांना ओढत होते. बाबा "अगं हो, हो... जरा दमानं," म्हणत होते आणि मी ऐकत नव्हते. उताराच्या वळणावर मी कोणावर तरी जाऊन आदळले.

उंच, सडपातळ माणूस. अंगात निळा शर्ट, हातात पांढरी काठी, आणि दोन्ही डोळ्यांवर काळी पट्टी करकचून बांधलेली. त्याची काठी खडखडत खाली पडली.

"अरे देवा! लागलं का हो? सॉरी... ऑपरेशन कधी झालंय?"

"नाही, मी—"

"आणि बरोबर कोणीच नाही? असं एकटं कसं सोडलं तुम्हाला घरच्यांनी? लाज वाटायला पाहिजे लोकांना!" मी काठी उचलून त्याच्या काखेत कोंबली आणि त्याचं मनगट पकडलं. "चला. आम्हीपण तिकडेच निघालोय."

"अहो, पण ऐका तर—"

"ऐकायला वेळ नाहीये. नंबर जाईल."

एका हातात बाबा आणि दुसऱ्या हातात तो, अशी वरात घेऊन मी डोळ्यांच्या विभागात पोचले. बाक भरलेले होते. मी एका धडधाकट गृहस्थाला उठवलं, याला बसवलं आणि रांगेकडे वळून म्हणाले, "यांना आधी जाऊ द्या हो. बघा तरी काय अवस्था झालीय बिचाऱ्याची!" लोक हळहळले. एका आजीबाईंनी आपला नंबर देऊ केला. तेवढ्यात तपासणीच्या खोलीतून सिस्टर बाहेर आल्या, त्याच्याकडे बघितलं आणि तोंडावर हात ठेवून हसत सुटल्या.

"मास्तर, तुम्ही रांगेत?"

त्यानं शांतपणे पट्टी सोडली. आत चांगले टपोरे, तपकिरी डोळे होते. आणि ते हसत होते... माझ्याकडे बघून.

"डोळे उत्तम आहेत माझे," तो म्हणाला. "पण वाट दाखवायला तुम्ही असाल, तर अजून आठवडाभर पट्टी बांधून हिंडायची माझी तयारी आहे."

अख्खी रांग हसली. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. आणि सगळ्यात जास्त कोण हसलं असेल, तर बाबा! पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कितीतरी महिन्यांत मी त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं, म्हणून त्या माणसाला मारायचं मी तूर्त पुढे ढकललं.

त्याचं काम काय, ते सिस्टरनी सांगितलं. ज्यांची नजर गेलीय किंवा जात चाललीय त्यांना काठी घेऊन एकट्यानं चालायला, जिने चढायला, बस पकडायला शिकवणं. सगळं हॉस्पिटल त्याला काठीमास्तर म्हणायचं. उतारावर नवीन कठडा बसवला होता, त्यामुळे ती वाट बदलली होती. कोणत्याही पेशंटला एखादी वाट शिकवण्याआधी हा गडी स्वतः पट्टी बांधून ती चालून बघायचा. तेच चाललं होतं, आणि मी त्याला अर्ध्यातून पळवून आणला होता.

"मग ओरडायचं नाही का?" मी म्हटलं.

"तोंड उघडलं होतं की. तुम्ही बंद केलंत." मग पट्टीची घडी घालत म्हणाला, "शिवाय पेशंटला असं ओढत नेलं की त्याला कसं वाटतं, हे मलाही बघायचं होतं."

"कसं वाटलं?"

"बोचक्यासारखं."

बाबांचं हसू थांबलं. ते हळूच म्हणाले, "हां. हाच शब्द मला सापडत नव्हता."

मला ते लागलं. चांगलंच लागलं. मी काही बोलायच्या आत त्यानं बाबांच्या हाताला आपल्या हाताची पाठ नुसती टेकवली. बाबांची बोटं आपोआप वर सरकली आणि त्याच्या कोपराशी जाऊन थांबली. "हात धरायचा नसतो, द्यायचा असतो," तो मला सांगत होता. "तुम्ही त्यांना धरलंत की ते फरपटतात. त्यांनी तुम्हाला धरलं की ते चालतात. त्यांचा हात तुमच्या कोपरावर, आणि तुम्ही अर्धं पाऊल पुढे. बस."

दोघं कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाऊन आले. मी पिशव्या सांभाळत उभी. येताना बाबांची मान ताठ होती. आधी कशी असायची ते मी विसरूनच गेले होते. मला एकदम रडू आलं, आणि मी पाण्याची बाटली शोधत असल्याचं नाटक केलं.

बाबा म्हणजे बसचे ड्रायव्हर. सगळी नोकरी त्यांनी स्टिअरिंगवर काढली, आणि त्यातली बरीच वर्षं याच हॉस्पिटलच्या मार्गावर. पोटुशा बायका, प्लास्टरवाले, खोकणारे, सगळ्यांना दारापाशी अलगद उतरवणारा ड्रायव्हर म्हणून त्यांचं नाव होतं. काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं खात आणली. आता उजेड-अंधार कळायचा आणि समोरून कोणी गेलं तर एक सावली हलायची. गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलेली टिकवायची तर औषध आणि तारखा चुकवून चालणार नव्हतं. पण काठी घेऊन आपल्याच बसमध्ये चढायचं? "डेपोतली पोरं बघतील," एवढं एकच उत्तर. म्हणून दर तारखेला टॅक्सी, आणि दंड धरायला मी.

आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी कामावरून आले की चप्पल कुठे पडलीय इथपासून गॅस बंद आहे का इथपर्यंत सगळी तपासणी करायची, म्हणून बाबा मला फौजदार म्हणायचे.

काम माझं चिनी मातीचं. मी एका छोट्या कार्यशाळेत भांड्यांना झिलई चढवायचे. भट्टीत जाताना जी राखाडी दिसते ती बाहेर येताना मोरपंखी होते, त्या चमत्कारासाठी मी जीव टाकते. त्याच सुमाराला दूरच्या गावच्या मोठ्या कारखान्यातून बोलावणं आलं होतं. झिलईचा सगळा विभाग माझ्या हाती. राहायला खोली. कारखान्याच्या बाई स्वतः फोन करत होत्या. "महिनाअखेर कळव गं. तुझी वाट बघतेय मी."

मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि दबक्या आवाजात म्हणाले, "नाही जमणार, बाई. घरी अडचण आहे."

माझी अडचण बाहेरच्या खोलीत रेडिओ ऐकत बसली होती. निदान मला तसं वाटलं होतं.

पुढच्या तारखेला बाबांनी मला औषधाच्या खिडकीशी पिटाळलं. परत आले तर ते आणि काठीमास्तर डोक्याला डोकं लावून बोलत होते. मला बघून... म्हणजे माझी चाहूल लागून, दोघंही गप्प.

"मला काठी शिकायचीय," बाबांनी जाहीर केलं. "घरून हॉस्पिटल आणि हॉस्पिटलहून घर. एकट्यानं."

"आणि डेपोतली पोरं बघतील त्याचं काय?"

"बघू देत. मी कुठे बघणार आहे त्यांना?"

झालं. शिकवणी सुरू झाली. आधी घर ते कोपऱ्यावरचा बस थांबा. मग बस. बाबा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले आणि पहिल्याच चढाला न राहवून म्हणाले, "दुसऱ्यात टाक रे बाळा, रडतंय ते इंजिन." ड्रायव्हरनं चमकून आरशात पाहिलं. "उस्ताद! तुम्ही?" हॉस्पिटलचा थांबा आला तेव्हा त्यानं गाडी अशी लावली की दाराची पायरी थेट फुटपाथला भिडली. डेपोतली पोरं बघत होती, आणि ते बघणं वेगळंच होतं. उतरताना बाबांनी काठी उघडली ती टेचात, तलवार उपसावी तशी.

आणि मी? मी काठीमास्तरांकडे बघत होते. शिकवणी बाबांची, पण डोळे माझे उघडत होते म्हणा ना!

हा माणूस 'इथे', 'तिकडे' असं कधी म्हणायचाच नाही. "इथे म्हणजे कुठे? ज्याला दिसतं त्याच्यासाठी असतं ते. नीट दिशा सांगावी. उजवीकडे, डावीकडे, सरळ." तो कोणाशी ओरडून बोलत नसे. "लोकांना वाटतं, नजर गेली म्हणजे कानही गेले." आणि उठून जाताना तो सांगितल्याशिवाय कधी गेला नाही. "न सांगता उठलं ना, तर माणूस रिकाम्या खुर्चीशी बोलत बसतो. फार वाईट वाटतं हो त्याला." एकदा बाकावर एक आजी बोलता बोलता पेंगल्या. हा उठला, दोन पावलं गेला, परत आला आणि वाकून अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "आजी, निघतो हं मी."

झोपलेल्या बाईला! कोणी बघत नव्हतं... मी सोडून. त्या क्षणी माझं काय झालं ते मी सरळच सांगते. मी प्रेमात पडले. चांगली धप्पकन पडले, आणि वर बाबांना विचारलं, "औषध घेतलं का वेळेवर?"

"आज तुमची पाळी," एक दिवस तो म्हणाला. आम्ही हॉस्पिटलच्या फाटकात होतो. बाबा आत तपासणीला गेले होते. बारीक पाऊस पडत होता, छत्री उघडावी की नाही असा. त्यानं खिशातून ती काळी पट्टी काढली. "घरच्यांनाही एकदा बांधावी लागते. त्याशिवाय कळत नाही."

"बोचकं करणार का माझं?"

"हिंमत आहे का माझी?"

पट्टीची गाठ मारताना त्याची बोटं माझ्या केसांना लागली. तो पटकन "सॉरी" म्हणाला. मग सगळं काळं. पाय जमिनीला चिकटले. आणि माझ्या हाताला त्याच्या हाताची पाठ टेकली, बाबांना टेकवली होती तशीच. मी त्याचं कोपर धरलं.

"घाबरलात?"

"मुळीच नाही."

"मग माझ्या बाहीला चिमटा का काढताय?"

मी बोटं सैल केली. आम्ही चालू लागलो. तो अर्धं पाऊल पुढे, मी मागे. "पाऊस ऐका," तो म्हणाला. "डावीकडे टणटण वाजतंय ना? ती सायकलींची पत्र्याची शेड. आता थोडा जाड आवाज... गाड्यांची टपं. आणि हा मऊ?"

"झाड?"

"मेंदीचं कुंपण. ते संपलं की पायरी." खरंच तो आवाज संपला आणि तो थांबला. "एक पायरी. वर." आम्ही छपराखाली आलो. पाऊस मागे राहिला. फिनेलचा वास आला, ट्रॉलीची चाकं वाजली, कोणाचं तरी बाळ रडलं. इतकी वर्षं या इमारतीत येत होते, पण ती मला भेटली त्या दिवशी. त्याच्या कोपराची ऊब तेवढी सारखी होती. तो थांबायच्या आधीच मला कळत होतं की तो थांबणार.

"एक विचारू?" तो म्हणाला. आवाज जरा वेगळा. "कारखान्याला काय कळवलंत?"

माझे पाय थांबले. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"बाबांनी. शिकवणी मागितली त्याच दिवशी. म्हणाले, नळ सोडून बोललं की ऐकू येत नाही असं वाटतं तिला. माझ्यापायी तिनं नाही म्हटलंय. मला एकट्यानं जायला-यायला शिकवा, म्हणजे ती जाईल."

मी पट्टी ओढून काढली. मला त्याचा चेहरा बघायचा होता. मला दिसत नसताना त्यानं ते का विचारलं, ते चेहरा बघितल्यावर कळलं. त्याला लपवता येत नव्हतं.

"म्हणजे बाबा जितक्या लवकर शिकतील..." मी म्हटलं.

"तितक्या लवकर तुम्ही जाल. हो."

"आणि हे पहिल्या दिवसापासून माहीत असून तुम्ही त्यांना इतकं जीव ओतून शिकवताय?"

तो पायाखालच्या फरशीकडे बघत राहिला. "एकदा वाटलं होतं, रस्ता ओलांडायचा धडा थोडा लांबवावा. कोणाला कळलं असतं? पण मग बाबांनी एकट्यानं रस्ता ओलांडला... तुम्ही पाहिलंत ना त्यांना तेव्हा?" त्यानं मान हलवली. "नाही हो. कच्चं नाही शिकवता येत मला."

स्वतःच्या विरुद्ध इतकं चांगलं काम करणारा माणूस मी तोवर बघितला नव्हता. त्याला म्हणावंसं वाटलं, थोडं वाईट शिकवा ना, माझ्यासाठी. आणि हेही कळत होतं की तो तसं करणारा असता, तर मला असं वाटलंच नसतं.

"चला," तो म्हणाला. "बाबा बाहेर येतील." आणि निघताना त्यानं सवयीनं कोपर पुढे केलं. माझे डोळे तर उघडे होते. मग लक्षात येऊन त्यानं ते मागे घेतलं.

घरी गेल्यावर बाबांशी मोठं भांडण झालं. मी रडले, ते ओरडले, मग ते रडले आणि मी ओरडले. शेवटी तह झाला. बाबांनी एकट्यानं बसनं जाऊन, तपासणी करून, एकट्यानं घरी यायचं. जमलं तर मी कारखान्यात जायचं. नाही जमलं तर कारखान्याचं नाव काढायचं नाही. बाईंना मी तसंच कळवलं; जागा अजून भरली नव्हती. त्या म्हणाल्या, "तुझ्या बाबांना सांग, मीपण देव पाण्यात घालून बसलेय."

"त्या दिवशी तुम्ही घरीच थांबायचं," मास्तरांनी बजावलं. "मीही नसेन."

"शपथ घे," बाबा म्हणाले. मी शपथ घेतली.

आणि त्या दिवशी बाबा जिना उतरले तशी मी बांगड्या काढल्या, कापडी बूट चढवले, डोक्याला स्कार्फ गुंडाळला आणि निघाले. शपथेचं काय ते नंतर बघू! बस थांब्यापाशी जाहिरातीचा मोठा फलक होता. मी दबकत त्याच्यामागे गेले, तर तिथे आधीच कोणीतरी दबून उभं होतं. भलीमोठी टोपी, आणि खाली तोच निळा शर्ट.

"तुम्ही नसणार होतात!" मी कुजबुजले.

"पेशंटला पहिल्यांदा एकटं सोडलं की मागून चालायचं, हा आमचा नियमच असतो. फक्त सांगायचा नसतो. तुमचं काय?"

"माझा स्वभाव."

बसमध्ये आम्ही अगदी मागच्या सीटवर अंग चोरून बसलो. बाबा पुढे. प्रत्येक वळणाला मी "आता उतरायचं कळेल ना त्यांना?" विचारत होते आणि तो "श्श..." करत होता. बाबांना कळलं. एकही थांबा न चुकता. फाटक, मेंदीचं कुंपण, पायरी. आम्ही चोरपावलांनी मागे. उताराच्या वळणावर, अगदी मी धडकले होते तिथेच, एक सूटबूटवाले गृहस्थ फोनवर बोलत मधोमध उभे होते. काठी त्यांच्या बुटाला लागली.

"दिसत नाही का?" ते खेकसले.

मी उसळलेच. पण मास्तरांनी माझं मनगट घट्ट पकडलं.

"धरायचं नसतं ना?" मी दात खाऊन म्हटलं.

"याला अपवाद आहे."

तिकडे बाबा शांतपणे म्हणत होते, "नाही दिसत. म्हणून तर ही काठी. तुम्हाला दिसतंय ना साहेब, मग जरा सरकता का?"

साहेब ओशाळून सरकले. बाबा काठी टेकवत उतार चढून गेले. मास्तरांनी माझं मनगट अजून सोडलं नव्हतं, आणि मीही आठवण करून दिली नाही.

तपासणी झाली. दारातून सिस्टरनी आम्हाला लपलेलं पाहून अंगठा वर केला. डोळ्यांतला दाब आटोक्यात होता. आता सरळ मुख्य दार, थांबा, घर. बाबा उतार उतरले, कॉरिडॉरच्या तोंडाशी आले... आणि डावीकडे वळले.

"चुकले!" मी मास्तरांची बाही ओढली.

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. "त्या बाजूला जिना आहे. खाली उतरणारा." आम्ही टाचा उचलून धावलो. बाबा जिन्याच्या तोंडाशी आले. काठीनं पहिली पायरी चाचपली. थांबले. मग वळसा घालून पुढे गेले, एक दार ढकललं आणि थेट कँटीनच्या खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

"तीन चहा," बाबा खणखणीत आवाजात म्हणाले. "एकात साखर कमी, ती फौजदार आहे. एकात जास्त, त्यांना धीर यायला हवा."

आम्ही दारातच खिळलो.

"या, या, बसा," बाबा आमच्याकडे न वळताच म्हणाले. "सगळा रस्ता मागे खुसुरफुसुर चाललीय. अरे, जन्मभर बस चालवली मी. मागच्या सीटवर काय चाललंय ते कळायला मला कधी आरसा लागला नाही."

आम्ही दोन शाळकरी चोरांसारखे त्यांच्या टेबलापाशी बसलो. बाबांनी फुंकर मारत एक घोट घेतला. "मास्तर, निकाल?"

"पास," तो म्हणाला. "पहिल्या नंबरानं." म्हणताना हसला, पण आवाज नीट निघाला नाही.

"तुमच्यामुळे कळलं त्यांना," मी त्याच्यावर घसरले. "श्श-श्श काय करत होतात सारखे!"

"मी? आणि 'कळेल ना, कळेल ना' कोण करत होतं?"

"काळजी वाटते माणसाला!"

"मलाही वाटत होती. म्हणून काय..." तो थांबला. त्यानं कप फिरवला. "कधी निघताय?"

"रविवारी," मी म्हटलं. "पहाटेच्या गाडीनं."

"रविवारी." त्यानं मान डोलावली. "चांगलंय. तिथल्या भट्ट्या मोठ्या असतील."

"हो. खूप मोठ्या."

हे असलं भट्ट्यांचं बोलणं मला सोसवेना. मी वळले, "बाबा, तुम्हीच सांगा आता यांना..."

खुर्ची रिकामी होती. रिकामा कप, आणि त्याच्यावर नीट पालथी घातलेली बशी.

"न सांगता गेले!" आम्ही दोघंही उठलो. खिडकीतून बाहेर बघितलं. मेंदीच्या कुंपणाच्या कडेनं बाबा चालले होते. काठी डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. मान ताठ. फाटकापाशी बस उभी होती, आणि ड्रायव्हर दाराशी उतरून त्यांची वाट बघत होता. मी धावायला निघाले.

"नको," तो हलकेच म्हणाला. या वेळी त्यानं मला धरलं नाही. "त्यांना जाऊ द्या."

बाबा चढले. दार मिटलं. बस वळणाआड गेली. माझ्या छातीतून इतक्या वर्षांची कसली तरी पकड सुटली. मी रडत होते आणि हसतही होते.

"नियम मोडला त्यांनी," मी नाक पुसत म्हटलं. "जाताना सांगून जायचं असतं ना?"

"कधी कधी मुद्दाम मोडतात माणसं," तो म्हणाला आणि टेबलाच्या पलीकडे जाऊन उभा राहिला, जणू आमच्या दोघांमध्ये काहीतरी असलेलं बरं.

आता नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं. "पुढच्या तारखेलाही बाबा एकटेच येणार म्हणतायत," मी म्हटलं. "मग मी कारखान्यातून रजा काढून, एवढा प्रवास करून इकडे हॉस्पिटलमध्ये कशाला यायचं? सांगा ना."

"तुम्ही... म्हणजे... इथे..." सगळ्या हॉस्पिटलला वाट सांगणारा माणूस चाचरत होता. कानापर्यंत लाल झाला होता. "म्हणजे, इकडे कधी..."

"इथे, इकडे काय? नीट दिशा सांगावी, मास्तर."

त्यानं मान वर केली. ते तपकिरी डोळे सरळ माझ्याकडे आले.

"माझ्याकडे," तो म्हणाला. "सरळ. माझ्याकडे ये."

मी डोळे मिटले. काठी नाही, कोपर नाही. आणि निघाले, सरळ. मध्ये टेबल आहे हे साफ विसरून. कप कलंडले, चहा सांडला, खिडकीतल्या बाई "अगं अगं!" म्हणाल्या, आणि मी त्याच्यावर जाऊन आदळले.

धडक याही वेळी माझीच होती. आरडाओरडा मात्र केला नाही.